पाचव्या खांबापाशी थांबणारा पाय



दारे धरायला निघालेला माणूस बांधावर मध्येच का थांबतो, याला कारणे पुष्कळ असतात. तंबाखू मळायची असते, शेजारच्या वावरातल्या माणसाशी दोन शब्द बोलायचे असतात, वीज आली का गेली म्हणून मोटारीचा कानोसा घ्यायचा असतो. त्यामुळे आपल्या कार्यक्षेत्रातले एक जुने सभासद दोन वर्षे असे थांबत होते, तरी ते ना त्यांच्या घरच्यांच्या ध्यानात आले, ना माझ्या. त्यांना गावात सगळे अण्णा म्हणतात, आपणही तेच म्हणू. ‘लिहा, पण गाव सांगू नका,’ एवढीच त्यांची अट आहे.

अण्णांचे वय ६३. चार एकर ऊस, दोन म्हशी, आणि चाळीस वर्षांची बिडी. कधी दिवसाला एक बंडल, लग्नसराईत दोन. प्रकृतीने काटक. आळंदीहून निघणाऱ्या पालखीबरोबर दरसाल दिवे घाट पायी चढणारा हा माणूस. पहिल्यांदा त्यांनी आठवड्याचा बाजार सोडला, थोरल्या नातवाला पाठवू लागले. मग रात्रीची पाण्याची पाळी मुलावर टाकली. नंतरच्या आषाढीला ‘यंदा शेतीचं काम निघालं’ म्हणून वारी चुकली. तिच्या पुढच्या वर्षी कारण सांगायचीही गरज पडली नाही. घरात कोणी विचारलेच तर एकच उत्तर, ‘वय झालं आता.’

या काळात ते एकदा माझ्याकडे, कारखान्याच्या दवाखान्यात आले होते. ‘डॉक्टरसाहेब, पोटऱ्या भरून येतात बघा,’ म्हणाले. बाहेर तोडणी टोळ्यांतल्या बायका तापाची पोरे घेऊन बसल्या होत्या, गर्दी होती. मी अण्णांना पायातले बूट काढायलासुद्धा लावले नाहीत. बी-कॉम्प्लेक्सची सुई दिली, चोळायला मलम दिले आणि ‘जास्त चालू नका’ असा सल्ला दिला. हे आज लिहिताना लाज वाटते, पण लिहिलेच पाहिजे. कारण त्या सल्ल्यातला एकेक शब्द चुकीचा होता.

पुढच्या गळीत हंगामात एका सकाळी मी दवाखान्याच्या ओट्यावर उभा होतो. अण्णा गेटकडून उसाच्या बिलाची चौकशी करायला येत होते. चालता चालता विजेच्या एका खांबापाशी थांबले आणि उसाच्या ट्रॉल्यांची रांग बघू लागले. दोनेक मिनिटांनी निघाले. पुन्हा पाच खांब झाले आणि पुन्हा थांबले, या वेळी रिकाम्या काट्याकडे बघत. तिथे बघण्यासारखे काहीच नव्हते. मी खाली उतरून गेलो.

‘अण्णा, काय होतंय?’

‘काय न्हाई. पोटरीत गोळा येतोय. थांबलं की जातोय.’

‘किती वेळ थांबावं लागतं?’

‘बिडी विझायच्या आत जातोय.’

आपल्याकडचे खांब साधारण पन्नास मीटरवर आहेत, मी नंतर पावलांनी मोजून पाहिले. म्हणजे अडीचशे मीटर चालले की उजव्या पोटरीत कळ, उभे राहिले की दोन-तीन मिनिटांत आराम, आणि पुन्हा निघाले की तेवढ्याच अंतरावर तीच कळ. एवढे ऐकल्यावर पन्नाशी उलटलेल्या, बिडी ओढणाऱ्या किंवा मधुमेह असलेल्या माणसाबद्दल कोणाही डॉक्टरच्या मनात पहिला संशय यायला हवा तो पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचा. त्या दिवशी मी अण्णांना आत नेऊन पाय उघडे करायला लावले. उजव्या पावलावर नाडी लागली नाही. घोट्याच्या आतल्या अंगाला, हाडाच्या मागे असते, तीही लागली नाही.

आपल्या शेतकऱ्याला हा रोग समजायला अवघड नाही. कालव्याच्या टेलला ज्याची जमीन आहे त्याला विचारा. मुखाशी पाणी भरपूर, मध्ये गाळ साचला, कुणी कुठे बांध घातला, की टेलला पोचते ती नुसती ओल. शरीराच्या कालव्याचे टेल म्हणजे पाय. हृदयापासून सर्वांत लांब. धमनीच्या आतल्या अस्तरात वर्षानुवर्षे चरबीचा आणि चुन्याचा थर बसत जातो, आपल्या ठिबकच्या नळीत क्षार बसतात तसा. बसल्या जागी पायाच्या स्नायूंना रक्त थोडेच लागते, ते मिळते, म्हणून काही दुखत नाही. चालायला लागले की स्नायूंची मागणी कितीतरी पटींनी वाढते, अरुंद नळीतून तेवढा पुरवठा होत नाही, आणि स्नायू ओरडतो. थांबले की मागणी उतरते आणि कळ जाते. मांडीतली धमनी अरुंद असेल तर पोटरी दुखते. पोटात, ओटीपोटाशी अडथळा असेल तर कळ कुल्ल्यात आणि मांडीत येते.

या दुखण्याची पहिली नीट नोंद माणसाची नाही, घोड्याची आहे, ही गोष्ट जनावरे पाळणाऱ्या आपल्या सभासदांना आवडेल. फ्रान्समधल्या बुले नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने १८३१ साली लिहून ठेवले की एक घोडा थोडे चालला की लंगडतो, थांबवला की बरा होतो, पुन्हा चालवला की पुन्हा लंगडतो. मागच्या पायांच्या धमन्या तुंबलेल्या होत्या. त्यानंतर २७ वर्षांनी, १८५८ साली, शार्को या फ्रेंच डॉक्टरने माणसात हेच दाखवून दिले. इंग्रजीत या थांबत थांबत चालण्याला क्लॉडिकेशन म्हणतात, मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लंगडणे. आपल्याकडे याला स्वतंत्र नाव नाही. नाव नसले की दुखणे ‘वय झालं’ या खात्यावर जमा होते, असा माझा अनुभव आहे.

आता, पाय दुखला की तो धमनीनेच दुखतो असे मात्र नाही. आपल्याकडे येणाऱ्या दहा पायदुख्यांत बहुतेक वेगळेच निघतात, आणि फरक घरी बसूनही थोडाफार ओळखता येतो. गुडघा झिजला असेल तर उठतानाच, पहिल्या चार पावलांना जास्त दुखते, ठरावीक अंतरावर नव्हे. कमरेच्या मणक्यात नस दाबली असेल तर चालताना पाय भरून येतात खरे, पण नुसते उभे राहून आराम पडत नाही, खाली बसावे लागते किंवा पुढे वाकावे लागते. अशा माणसाला सायकल मारता येते, कारण सायकलवर तो वाकलेला असतो. शिरा फुगल्या असतील तर दिवसभर उभे राहून संध्याकाळी पाय जड होतात आणि उशीवर ठेवले की हलके वाटतात. मधुमेहात नसा खराब झाल्या की तळव्यांची आग होते, ती रात्री अंथरुणात, चालण्याशी तिचा संबंध नसतो. धमनीचे दुखणे मात्र शिस्तीचे असते. ठरावीक अंतर, ठरावीक स्नायू, उभे राहिल्यावर थोड्याच मिनिटांत पूर्ण आराम. चढ असेल किंवा डोक्यावर वाढ्याचा भारा असेल तर अंतर कमी होते, एवढाच फेरफार.

खात्री करायची तपासणी सोपी आणि बिनसुईची आहे. माणसाला दहा मिनिटे उताणे झोपवायचे, दंडावरचा रक्तदाब मोजायचा आणि मग तसाच पट्टा घोट्याच्या वर बांधून पायाचा. पायाची नाडी ऐकायला डॉपलर नावाचे लहानसे यंत्र लागते. निरोगी माणसात पायाचा दाब हाताइतका किंवा थोडा जास्तच असतो. पायाच्या आकड्याला हाताच्या आकड्याने भागले आणि उत्तर ०.९० किंवा त्याहून कमी आले तर धमनी अरुंद आहे असे समजायचे. अण्णांचा हाताचा दाब १५०, उजव्या पायाचा १०२, भागाकार ०.६८. डाव्या पायाचा १३२, म्हणजे ०.८८. डावा पाय कधी दुखला नव्हता, पण तिथेही सुरुवात झालेली होती. मधुमेह जुना असला की धमनीच चुन्याने कडक होते, पट्टा दाबूनही दबत नाही आणि आकडा खोटा चांगला येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात. आणखी एक, पावलावरची नाडी काही निरोगी माणसांतही जन्मापासून लागत नाही. तेव्हा घरी बोटे लावून बघा, पण नाडी लागली नाही म्हणून रडारड करू नका.

फॉन्टेन या फ्रेंच सर्जनने १९५४ साली या रोगाच्या चार पायऱ्या सांगितल्या, त्या अजून वापरात आहेत. पहिल्या पायरीवर काहीच त्रास नसतो. दुसरीवर चालताना दुखते, तिचेही दोन भाग, दोनशे मीटरच्या पुढे दुखणारे आणि दोनशेच्या आत दुखणारे. तिसरीवर बसल्या-झोपल्या दुखते, चौथीवर जखमा आणि काळे पडणे. अण्णा दुसऱ्या पायरीच्या अलीकडच्या भागात होते. कागदावर याला सौम्य म्हणतात.

हा ‘सौम्य’ शब्द मला पटत नाही. अण्णांना मी विचारले, दिवसातून किती वेळ दुखते? ते म्हणाले, हल्ली दुखतच नाही. कसे दुखणार? त्यांनी चालणेच पाच खांबांच्या आत आणले होते. शेताच्या पलीकडच्या टोकाला ते वर्षभरात गेले नव्हते, तिथे हुमणी लागलेली त्यांना मुलाने सांगितली. भाच्याच्या लग्नाच्या वरातीत सुरुवातीलाच जीपमध्ये बसले, तेव्हा पाव्हण्यांनी ‘अण्णांना मोठेपणा आला’ म्हणून टोमणा मारला, तो त्यांना अजून लागून आहे. पारावरच्या मंडळींबरोबर संध्याकाळी ओढ्यापर्यंत फिरणे बंद केले, कारण मध्ये थांबले की बाकीचे थांबायचे आणि चौकशी करायचे. हा रोग सुरुवातीला पाय खात नाही, माणसाचा परीघ खातो. एकेक जागा गळत जाते, आणि त्या प्रत्येक जागेसाठी एक सोयीचे कारण तयार असते. माणूस अबोल होतो, झोप बिघडते, भूक जाते. घरच्यांना वाटते स्वभाव बदलला.

बायकांचे तर आणखी वेगळे. त्यांचे चालणे घर, गोठा, हापसा असे तुकड्यातुकड्यांचे, म्हणून कळ उशिरा कळते. कळली तरी ‘पाय ओढतात’ एवढेच सांगतात आणि आपण ते कॅल्शियमच्या गोळीवर नेतो. एका मामींनी मला सांगितले की देवळाच्या वाटेवर त्या दोन ठिकाणी चप्पल नीट करायला थांबतात. चपलेत काही दोष नव्हता.

लोकांना पहिली भीती असते ती पाय कापण्याची. अण्णांच्या मुलाने ती माझ्या तोंडावरच विचारली. याचे उत्तर दिलासा देणारेच आहे. चालताना कळ येणाऱ्या शंभर जणांना पुढची पाच वर्षे पाहिले तर सत्तर ते ऐंशी जणांचे पाय आहेत तिथेच राहतात, दहा-वीस जणांचे अंतर आणखी कमी होते, आणि पाय धोक्यात येण्याची वेळ एकदोघांवर येते. बिडी न सोडणाऱ्या आणि मधुमेह मोकाट सोडणाऱ्या मंडळींत हे प्रमाण वाढते. पण त्याच शंभरांत त्याच पाच वर्षांत वीसएक जणांना हृदयविकाराचा झटका किंवा अर्धांगाचा झटका येऊन जातो, आणि काही दगावतात. कारण गाळ फक्त टेललाच नसतो. पायाच्या धमनीत जे झाले ते हृदयाच्या आणि मेंदूच्या धमनीतही थोडेफार झालेले असते. पाय आधी बोलला, एवढेच. हे मी अण्णांच्या मुलाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, ‘म्हणजे पायानं इशारा दिला म्हणायचा.’ बरोबर आहे.

आता इलाज. मुलाच्या मनात दुसरेच होते. शेजारच्या गावात कोणाच्या तरी हृदयात फुगा घालून जाळी बसवली होती, तशी पायात बसवू, उसाच्या बिलावर उचल काढू, अशी त्याची तयारी. आम्ही शहरातल्या रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे चिठ्ठी दिली. त्यांनी सोनोग्राफी केली आणि सांगितले, आधी बिडी बंद, औषधे सुरू, आणि तीन महिने चालणे, मग या. मुलगा परत येऊन माझ्यावरच उखडला. ‘चाला म्हणून सांगायला एवढ्या लांब कशाला पाठवलं?’

त्याचे उखडणे स्वाभाविक होते. दुखऱ्या पायाला विश्रांती द्यायची ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत, आणि मीही वर्षभरापूर्वी तेच सांगून बसलो होतो. पण १९६६ सालीच डेन्मार्कच्या लार्सन आणि लासेन या डॉक्टरांनी काही रुग्णांना रोजचा चालण्याचा व्यायाम दिला, काहींना नुसती नावाची गोळी दिली, आणि चालणारांचे अंतर वाढले. त्यानंतर हे पुन्हा पुन्हा सिद्ध झाले आहे. एडिंबरोच्या हाउस्ली या डॉक्टरांनी १९८८ साली या रोगाचा सगळा उपचार इंग्रजीच्या पाच शब्दांत बसवला होता. आपल्या मराठीत तो चारच शब्दांत बसतो: बिडी सोडा, चालत राहा.

चालण्याने होते काय? मुख्य वाट अरुंदच राहते, तिथला थर काही विरघळत नाही. पण मागणी वारंवार झाल्याने आजूबाजूच्या बारीक वाटा रुंदावू शकतात, स्नायू मिळालेल्या रक्तातून जास्त काम काढायला शिकतो, आणि चालण्याची ढबही सुधारते. कमी पाण्यात पीक काढायला शेतकरी शिकतो, त्यातलाच प्रकार. यासाठी कळ येईपर्यंत चालावे लागते. कळ यायच्या आधी थांबले तर फायदा कमी. सपाट जागेवर अशा बेताने चालायचे की तीन ते पाच मिनिटांत बऱ्यापैकी दुखू लागेल. मग उभे राहायचे किंवा बसायचे, कळ पूर्ण जाऊ द्यायची, पुन्हा निघायचे. थांबण्यासह सुरुवातीला अर्धा तास, पुढे वाढवत पाऊण तास ते पन्नास मिनिटे. आठवड्यातून तीन दिवस तरी, आणि बारा आठवडे तरी. या कळेने पायाला इजा होत नाही, हे रुग्णाला दहादा सांगावे लागते, आणि घरच्यांना वीसदा. मात्र छातीत दडपण आले किंवा दम फार लागला तर थांबून आधी डॉक्टरला भेटायचे. सुरू करण्यापूर्वी हृदयाचा आलेख काढून घेतलेला बरा.

कारखाना चालू असताना मुख्य रस्त्यावर मात्र चालू नका. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर पहाटेच्या अंधारात, मागे लाल दिवा नाही, पुढे टेप चालू, अशी परिस्थिती असते. शाळेचे मैदान बरे.

जाळीचा प्रश्न मुलाने सोडला नाही, आणि त्यात तथ्य नाही असेही नाही. अमेरिकेत याच्यावर झालेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. ओटीपोटाच्या धमनीत अडथळा असलेल्या लोकांपैकी काहींना देखरेखीखाली चालण्याचा व्यायाम दिला, काहींना जाळी बसवली. सहा महिन्यांनी यंत्राच्या पट्ट्यावर चालवून पाहिले तेव्हा व्यायामवाले जास्त वेळ चालले. पण ‘तुम्हाला कसे वाटते’ असे विचारल्यावर जाळीवाल्यांनी स्वतःला जास्त बरे म्हणवले. दीड वर्षानंतर नुसत्या औषधांपेक्षा दोन्ही गट पुढे होते. मी यातून एवढेच घेतो की आधी चालून पाहावे, तीन ते सहा महिने नेटाने करूनही ज्याच्या पोटापाण्याचे काम अडते आहे त्याने जाळीचा किंवा बायपासचा विचार जरूर करावा. सुरुवातीलाच उचल काढून जाळी बसवणे आणि वर बिडी चालू ठेवणे, यात पैसा आणि पाय दोन्ही जातात.

बिडीबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, संपादकांनी कापू नये.

बिडी, सिगारेट, चिलीम यांच्या धुराने धमनीचे अस्तर खरवडले जाते, रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते आणि रक्तातला प्राणवायू कमी होतो. आधीच अरुंद झालेल्या धमनीला हे तिन्ही घातक. चुना-तंबाखूत धूर नाही म्हणून ती निर्दोष असे कोणी समजू नये. त्यातले निकोटिन रक्तवाहिन्या आवळते आणि रक्तदाब चढवते. मिश्रीचेही तेच, आणि आपल्या घरोघरच्या आयाबहिणींना ती तंबाखूच आहे हेच मान्य नसते. आपल्या राज्यात गुटख्यावर २०१२ सालापासून बंदी आहे. टपरीवर काय मिळते ते मी सांगायला नको.

आणि तरुणांनी हसू नये. बिडी ओढणाऱ्या तरुणांना, तिशी-चाळिशीतच, एक वेगळा रोग होतो. १९०८ साली न्यूयॉर्कच्या बर्गर या डॉक्टरने त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याला बर्गरचा रोग म्हणतात. यात पायाच्या आणि हाताच्या लहान धमन्या सुजून बंद होतात, चालताना तळव्यात कळ येते, बोटे काळी पडतात. आपल्या देशात हा रोग पाश्चात्य देशांपेक्षा जास्त दिसतो. यावर खात्रीचा इलाज एकच, तंबाखू पूर्ण बंद. रोज एक बिडी ठेवली तरी रोग चालू राहतो. आपल्याकडे तोडणीला येणाऱ्या टोळ्यांतल्या एका जवान गड्याच्या पायाची दोन बोटे मी गेलेली पाहिली आहेत. बुडखा लागला म्हणून तो आला होता. तो आपला सभासद नाही, पण आपला ऊस तोच तोडतो, म्हणून मुकादमांनी हा भाग टोळीत वाचून दाखवावा.

अण्णांची बिडी एका दिवसात सुटली नाही. दोनदा सोडली, दोनदा धरली. तिसऱ्या वेळी त्यांनी खिशातल्या बंडलाच्या जागी फुटाणे ठेवले आणि पारावरच्या मंडळींना उघड सांगून टाकले, म्हणजे पुन्हा ओढताना दिसलो तर चारचौघांत बोला. मला वाटते दुसरा उपाय पहिल्यापेक्षा जास्त लागू पडला. तंबाखूच्या पुड्यांवर १८००-११-२३५६ हा सरकारी मदतीचा नंबर छापलेला असतो, तिथे फोन करायला पैसे पडत नाहीत. निकोटिनच्या गोळ्या-पट्ट्याही मिळतात, त्या डॉक्टरच्या सल्ल्याने घ्याव्यात.

औषधांचे थोडक्यात सांगतो, कारण ती ज्याची त्याला डॉक्टरने ठरवायची असतात. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून एक गोळी, कोलेस्टेरॉल कितीही असले तरी स्टॅटिन, रक्तदाबाची गोळी, आणि मधुमेह असेल तर तो आटोक्यात. ही पायापेक्षा जास्त करून हृदयासाठी आहेत, म्हणून ‘पाय बरा वाटला’ म्हणून बंद करायची नसतात. चालण्याचे अंतर वाढवणारी सिलोस्टॅझॉल नावाची गोळी आहे, काहींना चांगला गुण येतो, पण ज्यांचे हृदय कमजोर आहे त्यांना ती चालत नाही. शेजाऱ्याची गोळी मागून खाऊ नका. रक्तदाब आणि साखर तिशीच्या पुढच्या कोणालाही उपकेंद्रात, म्हणजे हल्ली ज्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथे, फुकट तपासून मिळते.

पावलांची निगा मात्र शेतकऱ्याने स्वतः करायची आहे, आणि इथे आपल्या काही जुन्या रीती सोडाव्या लागतील. टाचेच्या भेगांत बिब्बा भरायचा नाही. कमी रक्ताच्या पायावर बिब्ब्याचा चटका म्हणजे न भरणारी जखम. थंडीत पाय गार पडले म्हणून तापल्या विटेचा शेक घ्यायचा नाही, मोजे घाला. कुरूप ब्लेडने तासायचे नाही, रुईचा चीक लावायचा नाही. नखे आंघोळीनंतर, मऊ झाल्यावर सरळ कापावीत. तोडून झालेल्या फडात अनवाणी जाऊ नये, बुडखे भाल्यासारखे असतात. बूट-चपला घालण्याआधी झटकाव्यात, आत खडा किंवा कुसळ असते. रोज रात्री दोन्ही तळवे बघावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर नातवाला सांगावे, पोरांची नजर चांगली असते.

तीन गोष्टी दिसल्या तर हंगाम, पाळी, लग्न काही बघू नका. रात्री अंथरुणात पाऊल दुखते आणि बाजेखाली लोंबकळत सोडल्यावर बरे वाटते. बोटावरची किंवा टाचेवरची जखम दोन आठवड्यांत भरत नाही. आणि तिसरी, एकाएकी पाय थंडगार, पांढराफटक, बधिर होऊन सडकून दुखू लागतो. या तिसऱ्यात काही तासांचाच खेळ असतो. त्याच दिवशी, त्याच वेळी, गाडी करून मोठ्या दवाखान्यात न्यावे.

अण्णांनी एक चाळीस पानी वही केली. तारीख, पहिली कळ कितव्या खांबाला, एकूण खांब किती, एवढेच तीन रकाने. पहिल्या आठवड्यात पाच, पाच, चार. चौथा आठवडा सहा. मध्ये नातीचे लग्न आले, दहा दिवस कोरे. आठव्या आठवड्यात आठ, आणि पुढे ‘वारा होता’ असा शेरा. बाराव्या आठवड्यात अकरा खांब, म्हणजे साडेपाचशे मीटर, आणि तेव्हाही थांबावे लागले ते कळेने, पण ती पहिल्यासारखी मुरड घालणारी नव्हती. घोट्याचा आकडा मोजला तर ०.७०, म्हणजे जवळजवळ होता तिथेच. मुलगा निराश झाला. अण्णा नाही झाले. शेताच्या पलीकडच्या टोकापर्यंत बारा खांब होतात, हे त्यांनी माझ्याआधी मोजून ठेवले होते.

गेल्या उन्हाळ्यात लागणीच्या आधी ते त्या टोकाला जाऊन आले. मध्ये एकदा बांधावर बसले. मुलाने पाइपलाइन चुकीच्या बाजूने नेली आहे, असे त्यांचे म्हणणे पडले, आणि त्यावरून घरात दोन दिवस वाजले. काकू मला म्हणाल्या, ‘डॉक्टर, घरात बसत होते तेच बरं होतं.’ वारीचे त्यांनी अजून काही ठरवलेले नाही. दिवे घाट गाडीत बसून ओलांडायचा आणि बाकी जमेल तेवढे चालायचे, असा विचार चालला आहे, पण गाडीत बसायला त्यांचे मन घेत नाही.

ज्या सभासदांना चालताना ठरावीक अंतरावर पोटरी, मांडी किंवा कुल्ल्यात कळ येते, किंवा ज्यांचे वय पन्नासच्या पुढे असून बिडी-तंबाखू किंवा मधुमेह आहे, त्यांनी कारखान्याच्या दवाखान्यात दर गुरुवारी सकाळी पायाचा दाब मोजून घ्यावा. घरच्या बाईमाणसांनाही आणावे. पाळीला तासभर लागतो. येताना चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणाव्यात, येण्यापूर्वी बिडी ओढू नये, कारण आकडा चुकतो, आणि विजार गुडघ्यापर्यंत वर सरकेल अशी घालावी. धोतरवाल्यांची काही अडचण नाही.